बीज, क्षेत्र आणि दोष

रूपक नवें असतें तोंवर तें विचाराला वाट दाखवितें. जुनें झालें म्हणजे तेंच त्या वाटेंत आडवें पडतें. संततीविषयीं आपल्या वाङ्मयांत आणि बोलण्यांत जें रूपक शतकानुशतकें चालत आलें आहे, तें शेतीचें. पुरुषाचें बीज आणि स्त्री हें क्षेत्र. धर्मशास्त्रांतील 'क्षेत्रज' पुत्राची कल्पना याच रूपकांतून निघाली, आणि घराघरांतील सासवांचें बोलणेंहि त्याच्याच आधारावर चालतें. शुक्राणूंच्या अंगीं असलेल्या प्रथिनांविषयीं गेल्या पंचवीस वर्षांत जें ज्ञान झालें, त्याच्या उजेडांत हें रूपक व त्यावर उभें राहिलेलें वाङ्मय एकदां तपासून पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्द पाहूं. 'वांझ' हा शब्द बाईला लागतो, गाईला लागतो, झाडाला लागतो. पुरुषाला सहसा लागत नाहीं. मूल नसलेल्या पुरुषाला आपण 'निपुत्रिक' म्हणतों. निपुत्रिकपणा ही स्थिति झाली. वांझपण हा दोष झाला. एकाच घरांतील एकाच दुःखांत नवऱ्याच्या वाट्याला सहानुभूति येते व बायकोच्या वाट्याला शिवी. वंध्या स्त्रीवर आठव्या वर्षीं दुसरी करण्याची मोकळीक मनुस्मृतीनें दिली, तीहि याच समजुतीवर. पुरुषाच्या दोषाचा उल्लेख करावयाचाच झाला, तर 'नपुंसक' किंवा 'षंढ' हे शब्द पुढें येतात. परंतु त्यांचा अर्थ निराळा. समागमाचें सामर्थ्य आणि फलनाचें सामर्थ्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलें पूर्णपणें असूनहि दुसरें नसूं शकतें. या दुसऱ्या उणिवेला आमच्या बोलींत स्वतंत्र नांव नाहीं. आणि ज्याला नांव नाहीं तें कबूल करणें माणसाला फार जड जातें.

ही उणीव आपल्या पूर्वजांस ठाऊकच नव्हती असें मात्र नाहीं. चरक व सुश्रुत या दोघांच्याहि संहितांत शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत. महाभारतकारहि येथें स्पष्ट आहे. विचित्रवीर्य दोन राण्यांसह सात वर्षें राहून निपुत्रिक मेला, पण त्या राण्यांस तेथें कोणी वांझ ठरवीत नाहीं. पंडूच्या घरीं अडचण पंडूची आहे, हें कुंती जाणते आणि पंडु स्वतः बोलून दाखवितो. वैद्यानें आणि महाकवीनें जें उघड मांडलें, तें पुढें लोकभाषेनें झाकून टाकलें.

तें कसें झाकलें गेलें याचें उदाहरण आमच्या भागाला जवळचें आहे. आमचें कामरगांव कारंजा तालुक्यांत. कारंजा हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. त्यामुळें 'गुरुचरित्रा'चें पारायण इकडे अपरिचित नाहीं. त्या ग्रंथाच्या एकुणचाळिसाव्या अध्यायांत साठ वर्षांच्या गंगा नांवाच्या वंध्या स्त्रीला श्रीगुरूंच्या कृपेनें संतति झाल्याची कथा आहे. भाविकाला तींत कृपेचा महिमा दिसतो, व तो त्याचा अधिकार आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट दिसते. तिचा पति सोमनाथ कथेंत आहे. पण अश्वत्थाची सेवा तिची, प्रदक्षिणा तिच्या, आणि वांझपणहि तिचेंच. सोमनाथाकडे बोट दाखवावें असें कथेला वाटत नाहीं, श्रोत्यांनाहि वाटत नाहीं.

आधुनिक मराठी नाटकांत हें बोट प्रथम जोरानें दाखविलें तें विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे' या नाटकांतील रमेनें. १९७० सालीं हें नाटक रंगभूमीवर आलें तेव्हां त्यांतील हिंसेचा व शिवराळपणाचा मोठा गवगवा झाला, आणि त्या गदारोळांत रमेचें म्हणणें ऐकावें तितकें ऐकलें गेलें नाहीं. वैद्य झाले, साधु झाले. तरी कूस रिकामी ती रिकामीच. तेव्हां ती म्हणते त्याचा आशय असा, कीं माझी भूमि सकस आहे, उपाशी आहे. बीजच दुबळें व विषारी असेल तर भूमीला दोष कां द्यावा? शतकांच्या मुक्या स्त्रियांची तक्रार येथें एका स्त्रीच्या तोंडून आली आहे. स्पॅनिश कवि लोर्का याच्या १९३४ सालच्या 'येर्मा' नाटकांत एक म्हातारी असाच संशय बोलून दाखविते. पण येर्मेनें स्वतः तो असा स्वच्छ उच्चारला नाहीं. या दृष्टीनें रमेचा धीर अधिक आहे.

तरी या भाषणांत दोन उणिवा आहेत, आणि त्या दाखविणें हें टीकाकाराचें कर्तव्य होय. पहिली अशी, कीं रमा आरोपाची दिशा फिरविते, रूपक मात्र तेंच ठेवते. तीहि स्वतःला भूमीच समजते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. रमाकांत लोभी, व्यसनी, क्रूर. म्हणून त्याचें बीज विषारी. रजनीनाथ हळवा, कविमनाचा. त्याच्यापासून ती गरोदर राहते. म्हणजे शरीराची उणीव ही शीलाची शिक्षा ठरली. पूर्वीं वांझपण हें स्त्रीच्या पापाचें फळ होतें, आतां तें पुरुषाच्या पापाचें झालें. न्यायाची जागा बदलली, न्यायाची रीत बदलली नाहीं.

आतां शास्त्र काय सांगतें तें पाहूं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें बीज हें फलन होऊन गेल्यावर तयार होतें. गर्भ त्याच्या पोटांत आधींच असतो. पुरुषाच्या वाट्याला उपमा द्यावयाचीच तर ती परागाची द्यावी, बीजाची नव्हे. सस्तन प्राण्यांच्या मादीची अंडपेशी फॉन बेअर यानें १८२७ सालीं दाखविली, तेव्हांच खरें म्हणजे हें रूपक मोडलें. मराठीनें पुढें 'स्त्रीबीज' हा शब्द घडवून तें मोडल्याची नोंदहि केली. परंतु मनांतील शेत तसेंच राहिलें.

शुक्राणु हा नुसता पोहणारा कण नव्हे. त्याच्या डोक्यांतील आनुवंशिक द्रव्य प्रोटामिन नांवाच्या प्रथिनांनीं घट्ट बांधलेलें असतें. शेपटीला जोराचा फटका देण्यास कॅल्शियम आंत घेणारें कॅटस्पर नांवाचें द्वार लागतें. त्याचा शोध २००१ चा. अंडपेशीला चिकटण्यास लागणारें प्रथिन जपानी शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं ओळखलें, व विवाहाच्या देवतेबद्दल प्रसिद्ध असलेल्या एका मंदिरावरून त्याला 'इझुमो' हें नांव दिलें. हें प्रथिन नसलेल्या उंदरांचे शुक्राणु उत्तम पोहतात, अंड्याचें बाहेरचें कवचहि भेदतात; पण दारीं येऊन थबकतात. आंत शिरणें त्यांस साधत नाहीं. इझुमोला हात देणारें अंडपेशीवरील प्रथिन २०१४ सालीं इंग्लंडांत सांपडलें; त्याला रोमन विवाहदेवतेचें 'जूनो' हें नांव मिळालें. एकाचा प्रवेश झाला कीं थोड्याच वेळांत जूनो पृष्ठभागावरून नाहींसें होतें व दुसऱ्यास दार बंद होतें. जी दार उघडते आणि मिटते, तिला निश्चल भूमि कशी म्हणावें?

आंत गेल्यावर अंडपेशीला जागें करणारें आणखी एक प्रथिन आहे, 'पीएलसी-झीटा'. तें २००२ सालीं उजेडांत आलें. कांहीं पुरुषांत तें सदोष असल्याचें आढळलें आहे. १९९२ पासून प्रचारांत आलेल्या पद्धतीनें एक शुक्राणु सुईनें थेट अंडपेशींत सोडतां येतो, व त्यामुळें दाराची अडचण टळते. परंतु जागें करणारें प्रथिनच नसेल तर सुईचाहि इलाज अपुरा पडतो. मुंबईस परळ येथील राष्ट्रीय संशोधन-संस्थेंतहि शुक्राणूंच्या प्रथिनांचा अभ्यास होत आला आहे.

यांतून दोन गोष्टी निघतात. अपत्यहीन जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्यांत पुरुषाच्या बाजूची उणीव एकटी किंवा इतर कारणांच्या जोडीनें असते; आणि त्याची पहिली तपासणी स्त्रीच्या तपासणीपेक्षां कितीतरी सोपी आहे. दुसरी गोष्ट अशी, कीं त्या तपासणींत संख्या, गति व आकार मोजतात. प्रथिनाची उणीव त्या मोजणींत दिसेलच असें नाहीं. चिठ्ठीवर सर्व आंकडे ठीक आले, म्हणजे दोष बायकोचा, हा निष्कर्ष म्हणून चुकीचा आहे. तसेंच सज्जन, निर्व्यसनी, प्रेमळ पुरुषाच्या शुक्राणूंतहि एखादें प्रथिन जन्मतःच उणें असूं शकतें. त्यांत ना त्याचें पाप, ना त्याच्या पुरुषत्वाला कमीपणा.

आमच्या वऱ्हाडांत पेरलेलें उगवलें नाहीं, तर शेतकरी आधीं बियाण्याची पिशवी पाहतो, पावती शोधतो, तक्रार करतो. दुबार पेरणीचा खर्च त्याला ठाऊक असतो. जमिनीला तो सहसा शिव्या देत नाहीं. तोच माणूस घरांत मात्र प्रथम जमिनीलाच दोष देतो. रूपक शेतीचें आणि व्यवहार शेतीच्या उलट! दुसऱ्या लग्नाचा विषय निघतो, बाई माहेरीं जाते, आणि चार आण्यांची लाज सांभाळण्यासाठीं एका आयुष्याची किंमत मोजली जाते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून या विषयांवर स्पष्ट मराठींत लिहितां येतें हें सिद्ध केलें. त्यासाठीं त्यांनीं खटलेहि सोसले. निबंधानें जें केलें तें कथा-कादंबरीनें अद्याप पुरतेपणीं केलेलें नाहीं. आम्हांस हवा आहे तो रमाकांत नव्हे, तर असा एक साधा, भला गृहस्थ, जो आपली चिठ्ठी आईच्या हातीं देतो आणि उणीव माझी आहे असें बायकोच्या देखत सांगतो. तो सांगतो तेव्हां त्याच्या घरांत काय घडतें, हें जो लेखक प्रामाणिकपणें लिहील, त्याच्या हातून 'वांझ' या शब्दाचा अर्धा डंख तरी उतरेल.