दचकलेले पारवे

आमच्या चित्रपट-मंडळात सत्यजित रायांचा 'अपराजितो' दाखवून झाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. हरिहर जातो, पारव्यांचा थवा उडतो आणि कुणीतरी समाधानाने म्हणतं, "प्राणपाखरू उडालं." बाकीचे माना डोलावतात आणि चर्चा पुढे सरकते. मीही कित्येक वर्षं त्याच माना डोलावणाऱ्यांत होतो. प्रतीक सापडलं, उलगडलं, संपलं. प्रसंग मात्र संपत नव्हता. दर वेळी तो थवा उठला की पोटात खड्डा पडायचा, आणि प्राणपाखराच्या ओळखीच्या कल्पनेने असा खड्डा का पडावा हे कळायचं नाही. इतकी घासून गुळगुळीत झालेली उपमा माणसाला दचकवू शकत नाही.

म्हणून प्रसंग पुन्हा नीट बघू या. साल १९२०, गाव काशी. निश्चिंदीपूरचं घर सोडून आलेला हरिहर घाटावर पुराण सांगून चार पैसे मिळवतो आहे. दिवाळीच्या सुमारास त्याला ताप भरतो, तो अंथरूण धरतो. एका पहाटे त्याची बायको सर्वजया झोपलेल्या मुलाला, अपूला, उठवते आणि गंगेचं पाणी आणायला पिटाळते. तांब्या घेऊन तो गल्ल्यांतून धावत सुटतो, घाटाच्या पायऱ्या उतरतो, तांब्या भरतो, तसाच धावत परततो. या धावण्यात राय कसलाही आव आणत नाहीत. पोराला सांगितलेलं काम पोर करतं आहे, इतकंच. आपल्याला त्या पाण्याचा अर्थ कळलेला असतो. त्याला कितपत कळलाय, सांगता येत नाही.

मग सर्वजया हरिहरचं डोकं उचलून धरते, अपू तोंडात पाणी घालतो. घोट उतरतो न उतरतो तोच मान मागे कोसळते. आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, पडदाभर पंख. पारव्यांचा प्रचंड थवा भर्रकन उठतो आणि पहाटेच्या आभाळात गरगरत राहतो. त्यावर रविशंकरांच्या संगीतातली बासरी जोग रागात किंचाळल्यासारखी उंच जाते.

या क्षणी रडणारी सर्वजया दिसत नाही. विझणारी समईही नाही, आणि आपल्याकडच्या सिनेमांनी इतक्या समया विझवल्या आहेत की ती नसल्याबद्दलच रायांचे आभार मानावेत. काशीसारख्या गावात कॅमेरा असूनही उत्तर म्हणून चिता पुढे केलेली नाही. आहेत ते फक्त पारवे.

आता 'प्राणपाखरू' या अर्थाची पहिली अडचण मोजणीची आहे. पाखरू एक असतं. इथे शेकडो आहेत. एका गरीब कथेकऱ्याचा जीव शेकडो पंखांनी कसा काय जाईल? दुसरी अडचण पारवा या पक्ष्याचीच. हा काही हंस नव्हे. वळचणीला घुमणारा, ओवऱ्या घाण करणारा, पडक्या वाड्यांवर हक्क सांगणारा पक्षी. त्याचं घुमणं घराला चांगलं नाही, असं म्हणणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत. मानसरोवराकडे वगैरे जाण्याची त्याची परंपरा नाही. तो उडतो, दोनचार घिरट्या घालतो आणि होता तिथेच येऊन बसतो. गेलेला जीव असा परत येऊन कोनाड्यात बसत नाही.

मग पारवे उडतात कधी? दाणे टाकले की ते खाली येतात, कुणी जवळून चाललं तर दोन पावलं बाजूला होतात. सगळा थवा एकदम उठतो तो दचकल्यावर. कुठेतरी काहीतरी धाडकन पडतं, बार उडतो, दार आदळतं. म्हणजे थवा उठलेला दिसला की तो उठवणारा आवाज आपण मनात आपसूक धरतो. पडद्यावर मात्र तो आवाज नाही. आधी एक मान मागे पडली आहे, नंतर पंख आले आहेत. मधली जागा आपण भरतो. अंधाऱ्या खोलीत अगदी मऊपणे घडलेली गोष्ट बाहेर, साऱ्या गावावर, स्फोटासारखी फुटल्याचं आपल्याला वाटतं. मला त्या थव्यात हरिहरचा जीव दिसत नाही. मला दिसतो तो सर्वजयाच्या आणि अपूच्या काळजात बसलेला धसका. चेहऱ्यावर दाखवला असता तर तो अभिनय झाला असता.

चित्रीकरणाची हकीकत कळली तेव्हा हे वाचन मला अधिकच पटलं. मार्च १९५६ मध्ये राय काशीत चित्रीकरण करत होते आणि त्या दिवसांची रोजनिशी त्यांनी लिहून ठेवली आहे. पारवे उडवण्यासाठी या मंडळींनी चांगले दणदणीत बाँब आणले होते, एकूण चार. कॅमेरा लावला, वात पेटवायची वेळ आली आणि ऐन क्षणी एका सहकाऱ्याने दुरून हातवारे करायला सुरुवात केली. काहीतरी बिनसलंय एवढं कळलं, पण वात पेटली होती. बाँब फुटला, पारव्यांनी आपलं काम चोख केलं, कॅमेरा मात्र फिरलाच नाही. मोटर बॅटरीला जोडायचीच राहिली होती. सुदैवाने तीनचार घिरट्या मारून पारवे पुन्हा आपापल्या जागी येऊन बसले आणि दुसऱ्या बाराला हवा तो शॉट मिळाला.

म्हणजे पडद्यावर आपण बघतो ती अस्सल घाबरगुंडी आहे. आवाज काढून टाकला आणि भीती तेवढी ठेवली, एवढीच रायांची करामत. गंमत अशी की हरिहरचं घर काशीत नव्हतंच. ते चौकाचं घर कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्तांनी कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. काशीच्या घरातला चौकातून झिरपणारा उजेड हवा म्हणून छायालेखक सुब्रत मित्रांनी सेटवर पांढरं कापड ताणून त्यावरून दिवे परतवले. तो सावलीवाचूनचा मवाळ उजेड याच चित्रपटासाठी त्यांनी शोधला. म्हणजे मान पडली कलकत्त्यात आणि पारवे उडाले काशीत. दोन्हींमध्ये शेकडो मैल, आणि त्या पाखरांना हरिहर नावाचा कुणी मेल्याचा पत्ताच नाही. संकलक दुलाल दत्तांच्या कात्रीने ही दोन गावं अशी सांधली की त्या सांध्यात सुईसुद्धा शिरत नाही.

मृत्यू आणि पक्षी हे नातं मराठी माणसाला नवं नाही. आपला पक्षी कावळा. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवून आपण त्याची वाट बघतो, तो शिवेना म्हणून गेलेल्याची राहिलेली इच्छा आठवून आठवून मोठ्याने कबूल करतो. "धाकटीचं लग्न करू हो, काळजी करू नका." माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही तासभर असेच एकेक वचन देत उभे होतो, शेवटी काकांनी त्यांच्या पानतंबाखूचा उल्लेख केला आणि कावळा आला. सगळे रडता रडता हसले. तो पक्षी आपल्याशी बोलतो, निदान बोलतो असं आपण मानतो. त्याला काहीतरी कळलेलं असतं. रायांच्या पारव्यांना काही कळलेलं नाही आणि ते कुणाला उत्तर देत नाहीत. कावळ्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला म्हणूनच ते अधिक निर्दय वाटत असावेत.

त्याच काशीतली दुर्गामंदिरातली वानरंही याच जातीची. घंटेच्या दोरांना लोंबकळून ती घंटा वाजवतात, देवळात नाद घुमतो आणि क्षणभर पूजा चालू असल्याचा भास होतो. वानरांना पूजेशी काही देणंघेणं नसतं. रायांच्या सिनेमात जनावरं आपापल्या उद्योगात असतात. अर्थ लावायचं ओझं आपल्यावर. याआधीच्या 'पथेर पांचाली'च्या शेवटी ओस पडलेल्या घरात सरपटत शिरणारा साप आठवा. त्यालाही फक्त एक रिकामी जागा सापडली आहे.

तुलनेला रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' घेऊ, १९८२चा. पावसात भिजत बसलेला कृत्रिम माणूस रॉय बॅटी आपलं शेवटचं बोलतो, मान खाली घालतो आणि हातातलं पांढरं कबूतर आभाळात झेपावतं. प्रसंग मलाही आवडतो. पण ते कबूतर प्रतीक म्हणूनच हातात दिलेलं आहे: एक, पांढरं, वर जाणारं. मूळ प्रतीत तर पावसाळी रात्रीतून ते एकदम निळ्या आभाळात शिरतं. २००७च्या आवृत्तीत ते आभाळ काळवंडून घ्यावं लागलं. तिथे पक्ष्याचा अर्थ आधी ठरला आणि पक्षी नंतर आला. प्राणपाखरू म्हणायचंच असेल तर त्याला म्हणावं.

जोग रागाबद्दल थोडं. या रागात दोन्ही गंधार लागतात, चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल. वर जाताना उजळ वाटलेली जागा परतताना काळवंडते. राग रात्रीचा आहे आणि प्रसंग पहाटेचा, पण इथे वेळेचं शास्त्र काढून बसणाऱ्याने खुशाल बसावं. उडणं आणि घिरटी घेऊन खाली येणं, ही त्या थव्याची चाल मला त्या दोन गंधारांत ऐकू येते. हा माझ्या कानाचा भ्रम असेल, पण एकदा ऐकू आला की जात नाही.

हरिहरच्या मृत्यूचं खरं मोल कळतं ते उत्तरार्धात, सर्वजया जाते तेव्हा. अपू कलकत्त्याला शिकायला गेला आहे. काशी सोडून आलेली ती मानसापोता गावी झाडाखाली बसून गाड्यांकडे बघते. आजार अंगावर काढते, पोराला कळवत नाही. एका संध्याकाळी तिला त्याने हाक मारल्याचा भास होतो. उठून दारापाशी येते. बाहेर कुणी नाही. तळ्यावर काजवे नाचताहेत. बस, एवढंच. पुढे तिचं काय झालं ते राय दाखवतच नाहीत.

नवऱ्याच्या वेळी निदान गंगेचं पाणी होतं, बायकामुलं उशाशी होती, सारं गाव दचकल्यासारखे पारवे उठले. हिच्यासाठी काही दचकत नाही. काजव्यांना आवाज नसतो, ते उडून जात नाहीत, लुकलुकतात आणि तिथेच राहतात. दोन मृत्यूंमधला फरक त्या दोन जिवांनीच सांगितला आहे.

आणि इथे मोठी उलटापालट आहे. पारवे खरे होते, काजवे खोटे. खऱ्या काजव्यांचा उजेड फिल्मवर उमटेना, म्हणून रायांनी पथकातले धट्टेकट्टे गडी निवडले, त्यांना काळे कपडे चढवले, हातात बॅटरी आणि विजेरीचा इवलासा दिवा दिला. अंधारात हात उंच धरून, तार जोडत-सोडत ते गडी काजव्यांसारखे नाचले. सर्वजया शेवटचं बघते आहे ती माणसंच, फक्त तिला न दिसणारी. ही माहिती कळल्यावर प्रसंगाचा भाव उतरेल अशी मला भीती होती. झालं उलटंच. तिच्या दारात अखेर कुणीतरी आलं होतं, असं वाटून बरं वाटलं. हे सिनेमातलं नव्हे, माझं. पण रसग्रहणात एवढी उधारी चालावी.

अपू गावी पोचतो तो दिवसाउजेडी. घर बघतो, नात्यातले म्हातारे आजोबा दिसतात, आणि न सांगताच त्याला कळतं. झाडाखाली बसून तो रडतो. तळं जागच्या जागी आहे आणि त्यावर बघण्यासारखं काही नाही.