‘बॉयकॉट’ : या क्रियापदाचा कर्ता कोण?

इंग्रजी ‘बॉयकॉट’ म्हणजे ‘बहिष्कार घालणे’, असे आपण शिकवतो आणि पुढे जातो. अर्थ चुकीचा नाही; पण हे भाषांतर निरागसही नाही.

१८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. पीक बुडालेल्या कुळांनी खंडात सूट मागितली. त्याने जमिनी सोडण्याच्या नोटिसा धाडल्या. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी कोणी बोलू नये, व्यवहार करू नये, असे पार्नेलने त्याच सप्टेंबरात एनिसच्या सभेत सांगितले होते. तेच शस्त्र लोकांनी बॉयकॉटवर चालवले. मजुरांनी शेते सोडली, दुकानदारांनी माल बंद केला. पीक काढायला बाहेरून पन्नास माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक व पोलीस. वर्षअखेर बॉयकॉटने आयर्लंड सोडले. त्याचे आडनाव मात्र क्रियापद होऊन जगभर गेले. या क्रियापदाचा मूळ कर्ता भूमिहीन आहे, कर्म आहे सत्ता. आणि तरीही पार्नेलने उपमा दिली ती जुन्या काळच्या महारोग्याची! दुबळ्यांना आपले हत्यारसुद्धा वाळीत पडलेल्या माणसाकडे पाहूनच सुचले.

मराठीत या क्रियापदाला जो शब्द मिळाला तो जातपंचायतीच्या आणि धर्मपीठाच्या तोंडचा. १९०५ नंतर विलायती मालावरील बहिष्कार राष्ट्रीय चळवळीच्या चतुःसूत्रीत गेला आणि या शब्दाला तेज चढले. गावकुसाबाहेर मात्र त्याचा अर्थ बदलला नाही. १९३० च्या स्टार्ट समितीच्या अहवालात तो स्पष्ट नोंदलेला आहे : हक्क मागताच जमीन काढून घेणे, काम बंद करणे, वहिवाटीची वाट अडवणे, वाण्याकडून जिन्नस मिळू न देणे. म्हणजे कर्ता आणि कर्म यांची येथे सरळ अदलाबदल झाली आहे, आणि शब्दकोशाला त्याचा पत्ता नाही.

बाबासाहेबांना तो होता. १९२४ ची ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’, १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’. ‘बहिष्कृत’ हे कर्मणी रूप आहे. त्यात सोसणारा दिसतो, करणारा लपतो. बाबासाहेबांनी ते मथळ्यावर आणले आणि लपलेल्या कर्त्याला जाब विचारला. गोलमेज परिषदेपुढे त्यांनी बहिष्काराला शिक्षा मागितली, ती १९२२ च्या ब्रह्मदेशातील कायद्याचा दाखला देऊन. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, अमलात आला २०१७ मध्ये. मधली वर्षे वाचकांनीच मोजावीत.

आणखी एक गोष्ट. आमच्या माणसांनी मेलेली ढोरे ओढायचे नाकारले, येसकरकी सोडली. आयर्लंडच्या मजुरांनी केले तेच हे कृत्य, अस्सल ‘बॉयकॉट’. पण गावाने त्याला बहिष्कार म्हटले नाही, ‘माज’ म्हटले. उलट त्या नकाराबद्दल गावाने जी उपासमार लादली, तिला ‘बहिष्कार’ हे भारदस्त नाव मिळाले. सवर्णांच्या कृतीला संज्ञा आणि दलितांच्या कृतीला शिवी, ही आपल्या भाषेची वाटणी आहे.

तेव्हा वर्गात हा शब्द शिकवताना अर्थ सांगून थांबू नये. वाक्य पूर्ण करून घ्यावे : कोणी, कोणावर, कशासाठी?