दुखऱ्या मांड्या आणि निर्दोष दुग्धाम्ल

गडाची सहल झाली की दुसऱ्या दिवशी मुले लंगडत वर्गात येतात. "सर, मांड्या का भरून आल्या?" आपले ठरलेले उत्तर : स्नायूंत दुग्धाम्ल साचले. उत्तर सोपे आहे, पण चुकीचे आहे.

थकलेल्या बेडकाच्या स्नायूत दुग्धाम्ल वाढते, हे फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी १९०७ साली दाखवले. पुढे थकव्याच्या या सोबत्यावरच वेदनेचा आरोप आला. पण वेळेचा हिशेब जुळत नाही. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातील लॅक्टेट पूर्वपदावर येते. दुखणे मात्र एक ते तीन दिवसांनी कळसाला पोचते. श्वेन व सहकाऱ्यांच्या १९८३ च्या प्रयोगात सपाटीवर धावताना लॅक्टेट वाढले, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर धावताना ते वाढले नाही, तरी पाय दुखले.

उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. त्यात तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि मग दाह होतो. स्नायूत बारीक फाटाफूट होत असावी, हे हफ यांनी १९०२ सालीच सुचवले होते!

"आणखी पळ, आम्ल निघून जाईल," असे सांगून दुखऱ्या पायांच्या मुलाला मैदानात पिटाळणे म्हणूनच गैर आहे. त्यापेक्षा दम केव्हा लागला आणि दुखले केव्हा, याची नोंद मुलांना ठेवू द्या. सोबत दिसते ते कारण असतेच असे नाही, हा विज्ञानाचा धडा त्यांना स्वतःच्या पायांतूनच मिळेल.