प्रवेशपरीक्षेचे माध्यम आणि मराठी : एक चिकित्सा

महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या सामायिक परीक्षांत गेल्या काही वर्षांत जे फेरबदल झाले, त्यांची चर्चा बहुधा प्रश्नांची संख्या, वेळ आणि गुणदानाची पद्धत एवढ्यापुरतीच होते. नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत 2021 ते 2024 या काळात 200 प्रश्नांपैकी 180 सोडविण्याची मुभा होती. 2025 मध्ये ती काढून घेण्यात आली व पुन्हा 180 प्रश्नांचीच प्रश्नपत्रिका आली. असे बदल विद्यार्थ्याला दिसतात व तो त्यांच्याशी जुळवून घेतो. परंतु याच काळात परीक्षेच्या भाषेतही बदल झाला, आणि त्याचे स्वागत जेवढे झाले तेवढी चिकित्सा झाली नाही. ‘परीक्षा आता मातृभाषेतून’ हे विधान कितपत खरे आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय. नागपूरच्या उत्तर भागातील जरीपटक्यासारख्या बहुभाषिक वस्तीत या विधानाची खरी कसोटी लागते. त्या वस्तीकडे शेवटी वळावयाचे आहे. तत्पूर्वी मराठीची स्थिती पाहणे इष्ट ठरेल.

अभियांत्रिकीच्या जेईई मेन या परीक्षेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. 2013 मध्ये गुजरातने आपले प्रवेश या परीक्षेवरून देण्याचे ठरविले व गुजराती प्रश्नपत्रिकेची मागणी केली. 2014 मध्ये महाराष्ट्रही सामील झाला. त्याबरोबर मराठी व उर्दू या भाषा आल्या. 2016 मध्ये दोन्ही राज्ये बाहेर पडली, तेव्हा मराठी व उर्दू अनुवाद थांबले. गुजरातच्या विनंतीवरून गुजराती मात्र चालू राहिली. हा क्रम राष्ट्रीय परीक्षा संस्थेने 2019 मध्ये, गुजरातीलाच स्थान का, असा आक्षेप उठल्यावर, स्वतःच सांगितला. 2021 पासून ही परीक्षा 13 भाषांतून होऊ लागली व मराठी परतली. या क्रमावरून एक गोष्ट उघड होते. मराठीचा प्रवेश, निर्गमन आणि पुनःप्रवेश यांपैकी पहिल्या दोन घटनांमागे भाषिक तत्त्व नव्हते, प्रशासकीय करार होता. जी भाषा कराराने येते ती करार संपताच जाते.

मग राज्याची स्वतःची परीक्षा तरी काय सांगते? एमएचटी-सीईटीमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांचे प्रश्न इंग्रजी, मराठी व उर्दू या भाषांतून उपलब्ध असतात. गणिताची प्रश्नपत्रिका मात्र केवळ इंग्रजीत असते. अभियांत्रिकीच्या गटात एकूण 200 गुणांपैकी 100 गुण गणिताचे आहेत. म्हणजे मराठी निवडणाऱ्या विद्यार्थ्यालाही निम्मी परीक्षा इंग्रजीतच द्यावी लागते. गणितात चिन्हे व समीकरणे यांचा भाग मोठा असल्यामुळे भाषांतराचे काम याच विषयात सर्वांत सोपे ठरावे. नेमका तोच विषय वगळला गेला, ही विसंगती दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

या विसंगतीचे मूळ परीक्षेत नसून वर्गात आहे. 2020 च्या नीटसाठी नोंदणी केलेल्यांपैकी सुमारे 79 टक्के विद्यार्थ्यांनी इंग्रजी निवडली. गुजराती निवडणारे सुमारे 59 हजार होते, तर मराठी निवडणारे सुमारे 6 हजार. महाराष्ट्राची लोकसंख्या गुजरातहून पुष्कळ अधिक असता हे प्रमाण उलटे का? मराठी विद्यार्थ्याला मातृभाषेची आस्था कमी, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. गुजरातेत उच्च माध्यमिक विज्ञान गुजरातीतूनही शिकविले जाते. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे विज्ञान प्रायः इंग्रजीतून शिकविले जाते, आणि मराठी माध्यमाच्या अनेक शाळांत सेमी-इंग्रजी पद्धतीमुळे गणित व विज्ञान त्याआधीच इंग्रजीत गेलेले असते. दोन वर्षे एका भाषेत शिकलेल्याला शेवटच्या तीन तासांसाठी दुसरी भाषा देऊ करणे, हे सौजन्य असेल, सोय नव्हे.

अशा वेळी मराठी प्रश्नपत्रिका वाचणाऱ्याची अडचण कोणत्या स्वरूपाची असते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शास्त्रीय मराठीत ‘चाल’ आणि ‘वेग’ या दोन भिन्न राशी आहेत. वेगाला दिशा असते, चालीला नसते. व्यवहारात मात्र गाडीचा ‘वेग’ म्हणताना दिशेचा विचार कोणी करीत नाही, आणि ‘चाल’ म्हटल्यावर गाण्याची चाल किंवा चालण्याची ढब आठवते. आता वर्तुळाकार मार्गावर एकसमान फिरणाऱ्या वस्तूची कोणती राशी स्थिर राहते, असा प्रश्न आला व पर्यायांत ‘चाल’ व ‘वेग’ हे दोन्ही शब्द असले, तर ज्याने या संकल्पना वर्गात ‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’ या नावांनी आत्मसात केल्या, तो विद्यार्थी व्यवहाराच्या अर्थाने ‘वेग’ निवडण्याचा संभव आहे. त्याचे भौतिकशास्त्र चुकलेले नसते. परिभाषेशी त्याचा परिचय तुटलेला असतो. ‘बल’, ‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’ यांचीही हीच कथा आहे. परिभाषा कोशात शब्द असणे आणि तो विद्यार्थ्याच्या विचारात रुळणे, यांत शिकविण्याचे अंतर असते.

दुसरी अडचण अधिकाराची आहे. नीटची प्रादेशिक भाषेतील पुस्तिका द्विभाषिक असते, आणि अर्थाविषयी शंका उद्भवल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानावा, असा नियम आहे. 2018 च्या नीटमधील तमिळ प्रश्नपत्रिकेत 49 प्रश्नांचे भाषांतर सदोष असल्याची तक्रार मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे आली. खंडपीठाने प्रत्येकी 4 याप्रमाणे 196 गुण देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्यास प्रथम स्थगिती दिली व पुढे तो रद्द केला. न्यायनिर्णय काहीही असो, भाषाशास्त्राच्या दृष्टीने निष्कर्ष एवढाच की, ज्या मजकुराच्या चुकीची जबाबदारी वाचकावर पडते, तो मजकूर प्रश्नपत्रिका नसून प्रश्नपत्रिकेची टीप होय.

आता जरीपटक्याकडे वळता येईल. मराठ्यांच्या निशाणाचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीत 1947 च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी घरे वसविली. सिंधीला 1967 मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. परंतु नीटच्या 13 भाषांत ती नाही. केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 मध्ये सीयूईटी सुरू झाली तेव्हा सिंधी हा निदान भाषाविषय म्हणून घेता येत असे. 2025 मध्ये भाषाविषयांची संख्या 33 वरून 13 वर आणली गेली, तेव्हा तोही मार्ग बंद झाला. घरी सिंधी, बाजारात हिंदी, शेजारात मराठी आणि वर्गात इंग्रजी वापरणाऱ्या तेथील मुलाला ‘मातृभाषेतून परीक्षा’ या घोषणेत आपली भाषा सापडत नाही. त्याच्या मराठी शेजाऱ्याला ती सापडते, पण वर्गात आधी भेटलेली नसते. दोघेही अखेरीस इंग्रजी पुस्तिकाच घेतात, आणि आकडेवारीत त्यांची ही निवड स्वेच्छेची म्हणून नोंदली जाते.

यावर असे म्हटले जाईल की, उच्च शिक्षण इंग्रजीतच आहे, तर परीक्षाही इंग्रजीतच असावी. भाषांतराचा खटाटोप कशाला? हा आक्षेप सुसंगत आहे, पण तो प्रवेशपरीक्षेचा हेतू बदलतो. प्रवेशपरीक्षेने विद्यार्थ्याची विषयातील समज मोजावयाची असते. इंग्रजीचे ज्ञान मोजावयाचेच असेल तर त्याची स्वतंत्र परीक्षा घ्यावी. भौतिकशास्त्राच्या गुणांत ते लपवू नये. नागपुरास हा वाद नवा नाही. डॉ. रघुवीर यांनी मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारच्या आश्रयाने पारिभाषिक शब्दनिर्मितीचे प्रचंड कार्य याच शहरात केले. त्या शब्दांपैकी पुष्कळ रुळले नाहीत, याचा दोष केवळ त्यांच्या संस्कृतप्राचुर्यावर ठेवला जातो. ते शब्द ज्यांत झिजून गुळगुळीत व्हावयाचे असे वर्गच पुरेसे उघडले नाहीत, हे कारणही तितकेच बलवत्तर आहे.

तेव्हा भाषांची यादी वाढविणे ही सुधारणेची पहिली पायरी नव्हे. प्रश्न दोन्ही भाषांत विषयशिक्षकांनी स्वतंत्रपणे रचावेत व मग ताडून पाहावेत. अर्थभेद आढळल्यास तो प्रश्न सर्वांसाठीच रद्द व्हावा, इंग्रजीला आपोआप अंतिम मानू नये. अकरावी-बारावीच्या वर्गात मराठी परिभाषा इंग्रजीच्या जोडीने शिकविली जावी. आणि राज्याच्या परीक्षेत गणित इंग्रजीतच का, याचे उत्तर देण्यात यावे. तोपर्यंत प्रश्नपत्रिकेवरील मराठीला माध्यम म्हणणे म्हणजे अनुवादाला अध्यापनाचे नाव देणे होय.