शतांश सेकंदाच्या आधी

स्टीव्हन वाइनबर्ग यांचे ‘द फर्स्ट थ्री मिनिट्स’ हे पुस्तक १९७७ साली निघाले. ते आजही वाचावे असे मला वाटते, ते त्यातील एका संयमासाठी. विश्वारंभाची हकिगत ते चित्रपटातील दृश्यांसारखी क्रमाने सांगतात; पण त्यांचे पहिले दृश्य आरंभानंतर सुमारे शतांश सेकंदाचे आहे. तापमान दहा हजार कोटी अंश. त्याआधीच्या काळाला त्यांनी शेवटाकडे वेगळे प्रकरण दिले आहे, आणि तेथे त्यांची ठाम लेखणी जपून चालते. त्या उष्णतेत प्रबल बलाने बांधलेल्या कणांची एवढी गर्दी होते, की हिशेब मांडणेच कठीण.

त्या प्रकरणात पुढे भर पडली ती कणत्वरकांमुळे. दुर्बिणीला ते साधणारे नव्हते. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे होईपर्यंत प्रकाशाला मोकळी वाटच नव्हती. त्यापलीकडचे पाहायचे तर तेव्हाचे द्रव्य येथेच तापवून पाहावे लागते. अमेरिकेत ब्रुकहेवन येथे २००० सालापासून सोन्याची अणुकेंद्रे एकमेकांवर आदळली. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात २०१० साली शिशाची. प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून क्वार्क आणि ग्लुऑन सुटे झाले. विश्वाच्या पहिल्या काही दशलक्षांश सेकंदांत द्रव्य असेच होते, असे मानतात. अपेक्षा वायूची होती. २००५ साली ब्रुकहेवनच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की हा जवळजवळ घर्षणरहित द्रव आहे. वाइनबर्ग यांचे ते प्रकरण येथे जुने झाले. त्यांचा संयम मात्र खरा ठरला.

हा संयम आपल्या वृत्तपत्रांत मला दिसत नाही. २०१२ साली हिग्ज कण सापडला तेव्हा ‘देवकण’ हा शब्द मथळ्यांत मिरवला. ‘प्रयोगशाळेत महास्फोट’ हेही वाचले. दोन्ही शब्द दिशाभूल करतात. हिग्जचा देवाशी संबंध नाही. आणि टकरीतला तो थेंब अणुकेंद्राएवढा. तो भोवतालच्या पोकळीत उडून जातो. आद्य विश्वाला असे ‘बाहेर’ नव्हतेच. तिथे अवकाशच प्रसरण पावत होते. शिवाय टकरीत द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळजवळ सारखेच जन्मते. मग विश्वात द्रव्यच का उरले, हा प्रश्न अजून उभाच आहे.

आपल्या सीमाभागात अनेक मुले विज्ञान कन्नड वा इंग्रजीतून शिकतात. मराठीत त्यांना ते भेटते ते बहुधा वर्तमानपत्रात. तेथे ‘देवकण’ भेटला, तर मराठी ही भाबड्या नवलाईची भाषा आणि विचार करायचा तो दुसऱ्या भाषेत, असा त्यांचा समज होईल. मला या समजाची धास्ती वाटते. ‘इथवर कळले, पुढचे अजून कळलेले नाही’ हे वाक्य सांगायला मराठीला कोणताही नवा पारिभाषिक शब्द लागत नाही. वाइनबर्ग यांनी आपले पुस्तक याच वाक्यावर उभे केले आहे.