सहजीवन की अन्योन्याश्रय? : ‘अ व्हास्ट मशीन’ आणि स्थितांबराचं तापमान

पॉल एडवर्ड्स यांचं ‘अ व्हास्ट मशीन’ हे पुस्तक एमआयटी प्रेसनं २०१० साली प्रसिद्ध केलं. हवामानाच्या मोजमापाचा इतका बारकाईनं लिहिलेला इतिहास माझ्या वाचनात दुसरा नाही. तुम्ही तो जरूर वाचा. आज मात्र मला त्याच्याशी थोडं भांडायचं आहे, आणि तेही एकाच मुद्द्यावर.

एडवर्ड्स यांचं मुख्य म्हणणं असं की मॉडेलशिवाय डेटा नसतो. एका बाजूला निरीक्षण, दुसऱ्या बाजूला गणित, अशी वाटणी हवामानशास्त्रात करताच येत नाही. हे नुसतं ऐकलं तर तत्त्वज्ञानवाल्यांची नेहमीची हूल वाटेल. म्हणून उपग्रहाचं उदाहरण घेऊ.

उपग्रहाला तापमापी लावलेली नसते. तो असतो साधारण साडेआठशे किलोमीटरवर. १९७८च्या ऑक्टोबरात अमेरिकेनं टायरॉस-एन हा उपग्रह सोडला. त्यावरचं एक यंत्र हवेतल्या ऑक्सिजनमधून येणारे सूक्ष्मतरंग टिपत होतं. ऑक्सिजन जितका गरम, तितकं हे प्रारण जास्त. यंत्र एकदा रिकाम्या अवकाशाकडे बघतं, एकदा स्वतःजवळच्या, तापमान माहीत असलेल्या पृष्ठाकडे बघतं, आणि या दोन टोकांच्या मध्ये खालची हवा कुठे बसते ते ठरवतं. हाती येतं ते कित्येक किलोमीटर जाडीच्या थराचं सरासरी तापमान, आणि त्या थरातल्या कुठल्या उंचीला किती वजन द्यायचं हे प्रारणाचा सिद्धांत सांगतो. तर मग, उपग्रह तापमान बघतो का? आपल्या परिभाषेत बोलायचं तर हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. चांगलं अनुमान आहे, पण अनुमानच.

हे लक्षात न घेतल्यामुळे काय झालं? १९९० साली रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी यांनी ‘सायन्स’मध्ये पहिल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला. खालच्या वातावरणात तापमानवाढीचा ठळक कल त्यात नव्हता. झालं! ‘मॉडेल म्हणजे तर्क, उपग्रह म्हणजे वस्तुस्थिती’ असं राजकारणी मंडळी सांगत सुटली. पुढे १९९८ साली वेन्ट्झ आणि शाबेल यांनी दाखवलं की उपग्रह हळूहळू खाली येत होते आणि ते हिशेबात धरलेलं नव्हतं. २००५ साली मियर्स आणि वेन्ट्झ यांना दिसलं की उपग्रहाची रोजची वेळ सरकते, तिच्यासाठी केलेल्या दुरुस्तीत चिन्हच उलटं पडलं होतं. ही चूक मूळ संशोधकांनी मान्य केली. इथपर्यंत एडवर्ड्स यांचा विजय निर्विवाद आहे.

माझी तक्रार यापुढची. डेटा आणि मॉडेल यांच्या या नात्याला एडवर्ड्स सहजीवन म्हणतात. शब्द गोड आहे. झाडावरचं दगडफूल आठवतं, बुरशी आणि शेवाळ एकमेकांना धरून जगतात. पण नैयायिकाला विचारा. अ हा ब-वर टेकलाय आणि ब हा अ-वर, तर तो म्हणेल, हा अन्योन्याश्रय, म्हणजे दोष! रचना एकच आहे. एक नाव कौतुकाचं, दुसरं आरोपाचं. कुठलं नाव कधी लावायचं, याची कसोटी मला साडेपाचशे पानांत सापडली नाही. आणि ती कसोटी किती गरजेची आहे, हे पुस्तक आल्यावर दोनच वर्षांनी दिसलं.

आता जरा वर जाऊ, स्थितांबरात. कार्बन डायऑक्साइड वाढला की खाली हवा तापेल आणि स्थितांबर थंड होईल, हे मनाबे आणि वेदराल्ड यांनी १९६७ सालीच गणितानं मांडलं होतं. तिथली उष्णता अवकाशात फेकण्याचं काम मुख्यतः हाच वायू करतो, म्हणून. सूर्य प्रखर झाल्यानं पृथ्वी तापत असती तर वरचे थरही तापायला हवे होते. तेव्हा स्थितांबराचा कल ही साधी बाब नाही. कारण कोणतं, याचा निवाडा तिथे होतो.

हा कल मोजायला ब्रिटिश हवामान खात्यानं केलेलं एक यंत्र १९७८ पासून २००६ पर्यंत एकामागून एक सात उपग्रहांवर होतं. त्याची युक्ती सुरेख आहे. यंत्रातच कार्बन डायऑक्साइड भरलेली कुपी असते, तिचा दाब कमी-जास्त करत राहतात, आणि त्या वायूचं प्रारण बाकीच्या गर्दीतून वेगळं काढतात. पण कुप्या गळायच्या. दाब बदलला की यंत्र ज्या उंचीकडे बघतंय ती उंचीच सरकते.

दुसरी अडचण तर तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत घालावी अशी आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो, तसं प्रारण अधिकाधिक वरच्या पातळीवरून निसटू लागतं. स्थितांबरात वर जावं तसं गरम. म्हणजे यंत्र दरवर्षी नकळत थोड्या अधिक गरम थराकडे बघतं आणि खरी थंडी काही अंशी झाकली जाते. ज्या वायूचा परिणाम मोजायचा, तोच वायू मोजपट्टी सरकवतोय! कीथ शाइन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हे ठळकपणे मांडलं. ही दुरुस्ती प्रारणाच्या मॉडेलशिवाय होऊच शकत नाही.

मग २०१२ साली ‘नेचर’मध्ये डेव्हिड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांचा लेख आला. त्याच कुप्या, तेच उपग्रह. पण अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं केलेल्या नव्या मांडणीत १९७९ ते २००५ या काळातली मध्य स्थितांबराची थंडी ब्रिटिश मांडणीच्या जवळजवळ दुप्पट निघाली. शीर्षकातच त्यांनी ‘गूढ’ हा शब्द वापरला, तो उगाच नव्हे. पुढच्या दोन-तीन वर्षांत दोन्ही गटांनी आपापली मांडणी सुधारली, आकडे एकमेकांजवळ आले आणि मॉडेलांशीही बरेच जुळले.

हे सहजीवन, की अन्योन्याश्रय?

माझी कसोटी सांगतो. दुरुस्तीचं कारण उत्तराकडे न बघता सांगता येतं का? कुपी गळते हे दाबावरून कळतं, हवा किती थंड झाली हे ठाऊक असण्याची गरज नाही. उपग्रह किती घसरला, त्याची वेळ किती सरकली, हे कक्षेच्या गणितातून कळतं. वायूमुळे सरकणारी उंची प्रारणाच्या नियमांवरून कळते, आणि ते नियम प्रयोगशाळेत तपासलेले आहेत. शिवाय ‘मॉडेल’ हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो: दुरुस्तीसाठी लागणारं प्रारणाचं गणित वेगळं, आणि ज्याची परीक्षा घ्यायची ते सबंध पृथ्वीच्या हवामानाचं मॉडेल वेगळं. ही दोन मॉडेलं वेगळी धरली की वर्तुळ बरंचसं उघडतं. एडवर्ड्स ‘मॉडेल’ शब्द इतका सैल सोडतात की हा फरक त्यात विरून जातो.

बरंचसं म्हणालो, पूर्ण नाही. दुरुस्तीचं कारण स्वतंत्र असेल, पण तिचा शोध कधी सुरू होतो? उत्तर खटकलं की. आकडा अपेक्षेप्रमाणे आला तर कुपी उघडून कोण बघतो? ही खोट शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणाची नाही, लक्ष कुठे जातं याची आहे. मीमांसक म्हणतील, दोष दिसेपर्यंत ज्ञान प्रमाणच. नैयायिक म्हणतील, प्रामाण्य बाहेरून आणा. उपग्रहाच्या बाबतीत मी नैयायिकांच्या बाजूचा आहे.

पण बाहेरचा साक्षीदार आणायचा कुठून? बलून साधारण तीस किलोमीटरपर्यंत फुटतात. रॉकेटच्या नोंदी आहेत, आपल्या थुंब्याहूनही सोव्हिएत एम-१०० रॉकेटं सोडून त्या घेतल्या जात. पण सगळ्या मिळून ठिगळांसारख्या. २००१ पासून जीपीएसच्या लहरी हवेतून जाताना किती वाकतात यावरून तापमान काढलं जातं. तिथे मोजतात वेळ, आणि घड्याळ असतं आण्विक, त्यामुळे यंत्र म्हातारं होण्याची भीती फार कमी. हा साक्षीदार मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मात्र तीस-पस्तीस किलोमीटरच्या वर त्यालाही आधीच्या अंदाजांचा टेकू लागतो, आणि कुप्यांच्या यंत्राशी त्याची भेट जेमतेम पाच वर्षांची.

२०२३ साली बेंजामिन सँटर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मध्य आणि वरच्या स्थितांबराची नोंद हिशेबात घेतली तर तापमानबदलावरचा माणसाचा ठसा पाचपट ठळक दिसतो. त्यांचा निष्कर्ष मला पटतो. थंडी इतकी मोठी आहे की दुरुस्त्यांच्या वादात ती पुसली जात नाही. पण त्यातल्या २००१ पूर्वीच्या वर्षांना बाहेरचा साक्षीदार जवळपास नाही. ते उपग्रह पुन्हा उडवता येणार नाहीत. त्या वर्षांचा आकडा कुणी सांगितला, की मी आधी विचारतो, कितवी आवृत्ती, आणि मागच्या आवृत्तीत काय खटकलं म्हणून ती बदलली?

आता तुमचे प्रश्न घेऊ या.