‘स्मृतिचित्रें’ आणि दत्तूची बाजू

घर दुभंगलें म्हणजे बोलण्याचा हक्क नवऱ्यास मिळतो, बायकोस मिळतो, दोहींकडच्या आप्तांस मिळतो, आणि प्रसंग पडल्यास वकिलासही मिळतो. मुलास मात्र तो कोणी देत नाहीं. मग तें मूल त्याच्याजवळ असलेल्या एकाच भाषेंत बोलूं लागतें. कालचें शहाणें मूल आज हट्टी होतें; बडबडें अबोल होतें; अंथरूण कोरडें ठेवूं लागलेलें पुन्हां भिजवूं लागतें. वडील माणसें म्हणतात, “पोर बिघडलें!” आणि तेवढ्यावर विचार संपतो.

माझाही असाच संपला होता. गेल्या पावसाळ्यांत उमरीस आमच्या शेजारची मुलगी नवऱ्यापासून वेगळी होऊन पांच वर्षांच्या मुलासह माहेरीं आली. गोड बोलणारा तो मुलगा पंधरा दिवसांत ओरबाडूं लागला, चावूं लागला, आणि संध्याकाळीं नांदेडकडून येणाऱ्या गाडीची शिटी ऐकूं आली कीं दाराआड जाऊन बसूं लागला. त्याच्या आजोबांनीं माझें मत विचारलें. अध्यापकीचा अधिकार गाजवीत मीं सांगितलें, “आजोळच्या लाडाचा परिणाम! थोडी शिस्त लावा.” त्याचा बाप पूर्वीं त्याच गाडीनें सासुरवाडीस येत असे, हें मला मागाहून समजलें. त्याच सुमारास वर्गांत शिकविण्यासाठीं मीं लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ पुन्हां हातीं घेतलीं, आणि आजवर न दिसलेला एक मुलगा मला त्यांत दिसूं लागला.

ग्रंथाची हकीकत बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं फेब्रुवारी १८९५ मध्यें ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नीस त्या घरीं राहणें अशक्य झालें. पुढील चार-पांच वर्षें तिनें आप्तांच्या आधारानें काढलीं, त्यांतील बरीचशी पंढरपुरास. मग नवराबायको पुन्हां एकत्र आलीं आणि १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं स्वतः धर्मांतर केलें. या ताटातुटीच्या आरंभीं त्यांचा मुलगा दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त नारायण टिळक, अवघा चार वर्षांच्या आसपासचा होता. शेवटीं तो नऊ वर्षांचा झाला होता.

या भागाचें वाङ्मयीन मोल निर्विवाद आहे. सोवळ्याचें वेड असलेल्या बापाच्या घरीं वाढलेल्या स्त्रीनें आपल्या संसाराचा हा भूकंप सांगतांना नवऱ्यास खलपुरुष केलें नाहीं, स्वतःस देवता केलें नाहीं, आणि ऐन दुःखांतही विनोद सोडला नाहीं. इतकी निर्मळ लेखणी आपल्या आत्मचरित्रांत विरळा. परंतु या चित्रांत दत्तू येतो तो सदैव आईच्या कडेवर. त्याच्यासाठीं आई काय सोसते, त्याच्यावांचून बाप कसा तळमळतो, हें आपणांस कळतें. बापाचा स्पर्श कालपर्यंत मायेचा होता तो आज विटाळ कसा झाला, हें कोडें चार वर्षांच्या डोक्यानें कसें सोडविलें असेल, तें कळत नाहीं. आपणही तसें विचारीत नाहीं. आपले डोळे आईबरोबर पाणावलेले असतात.

हा दोष लेखिकेचा म्हणावा काय? मला तसें वाटत नाहीं. आत्मचरित्रकारानें दुसऱ्याच्या मनांत शिरून तेथील संवाद रचूं नयेत, हा प्रामाणिकपणाचा पहिला नियम आहे, आणि लक्ष्मीबाईंनीं तो पाळला. तें काम कादंबरीचें.

दत्तू आईबरोबर आप्तांकडे वाढत होता त्याच काळांत, १८९७ सालीं, हेन्री जेम्सची ‘व्हॉट मेझी न्यू’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यांतील आईबाप कायद्यानें विभक्त होतात आणि लहानगी मेझी सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे अशी वांटली जाते. प्रथम ती एकाच्या शिव्या दुसऱ्यास इमानानें पोंचविते. मग आपला उपयोग कशासाठीं होतो हें तिच्या ध्यानांत येतें, आणि ती कांहींच न समजल्याचें सोंग घेते. दोघेही तिला मंद ठरवितात! खरी गोष्ट अशी कीं, भांडणाचा निरोप्या होण्याचें तिनें नाकारलेलें असतें. बाहुलीनें कांहीं विचारलें तर मोठीं माणसें तिला जशीं टोलवितात, तशी ती बाहुलीस टोलविते. मुलाच्या बदललेल्या वागण्यांत केवढी बुद्धि असूं शकते, हें दुसऱ्या कोणत्या कादंबरीनें इतक्या लवकर ओळखलें असेल असें मला वाटत नाहीं. मुलास जेवढें दिसतें तेवढ्यास त्याचे शब्द पुरत नाहींत. म्हणून जेम्सनें आपले शब्द उसने दिले. ते फार जड झाले, ही तक्रारही रास्त आहे. लक्ष्मीबाईंच्या बोलीची एक ओळ त्या पानापानांच्या वाक्यांपुढें मोकळ्या हवेसारखी वाटते.

कलावंतानें जें ओळखलें त्यास शास्त्राचा दुजोरा पुष्कळ उशिरां मिळाला. ज्यूडिथ वॉलरस्टाइन व जोन केली या दोघींनीं कॅलिफोर्नियांतील ६० विभक्त कुटुंबांतील १३१ मुलांचा अभ्यास करून १९८० सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. अगदीं लहान मुलें सुटलेल्या संवयींकडे परत वळतात, उरलेलें माणूसही जाईल या भीतीनें त्यास चिकटतात, आणि पुष्कळदां दोष स्वतःकडे घेतात, असें त्यांस दिसून आलें. तीं कुटुंबें बहुतेक तिकडच्या मध्यमवर्गांतील; आपल्याकडे आजोळ असतें, मामा असतो, अंगण असतें. हा आधार थोडा नव्हे. पण त्याच अंगणांत बापाची निंदा मोठ्यानें चालते, आणि मूल तेथेंच खेळत असतें.

आतां पुन्हां दत्तूकडे. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून चार भागांनीं प्रसिद्ध झालीं. पण तीं लिहिलीं गेलीं कोणामुळें? टिळकांचें चरित्र लिहावें म्हणून देवदत्तांनीं आईजवळ वडिलांच्या आठवणी मागितल्या. त्यांतून हा ग्रंथ उभा राहिला. चौथ्या वर्षीं ज्याचे आईबाप दुरावले, त्यानेंच पुढें आईस सांगितलें, मला वडिलांविषयीं सांग. ग्रंथांत दत्तूची बाजू नाहीं असें मीं वर म्हटलें. आतां वाटतें, ती आहे. ती उत्तराच्या रूपानें नसून प्रश्नाच्या रूपानें आहे, आणि सारा ग्रंथ हें आईनें त्यास दिलेलें उत्तर आहे. त्या उत्तरांत बापाची निंदा नाहीं, हा ग्रंथाचा केवळ वाङ्मयीन गुण नव्हे.

शेजारच्या आजोबांस मीं माझें मत परत घेतल्याचें सांगितलें आहे. नातू अद्याप गाडीच्या वेळीं दाराआड बसतो. आतां त्याला तेथून कोणी ओढून काढीत नाहीं. आई जाऊन जवळ बसते, आणि त्यानें विचारलें तर बापाविषयीं सांगते.